तुमचा सिद्धांत काय नाकारतो? व्यक्तिमत्त्वाचे सिद्धांत घडवण्याची आणि तपासण्याची रीत

प्रश्न थोडक्यात असा आहे. मानसशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात फ्रॉइडपासून बिग फाइव्हपर्यंत सगळे सिद्धांत शिकवले जातात, पण ते तयार कसे होतात आणि त्यांतला कुठला टिकला, कुठला पडला हे कशावरून ठरते, ते कुणी नीट सांगत नाही. प्रश्नकर्त्याची स्वतःचीही एक कल्पना आहे: कामे पुढे ढकलणारी माणसे आळशी नसतात, लोक आपले काम जोखतील याची त्यांना भीती असते. यातून सिद्धांत उभा करून तपासायचा तर काय काय करावे लागेल? आणि जाता जाता, एमबीटीआयचे, म्हणजे माणसांना सोळा 'प्रकारां'त वाटणाऱ्या त्या लोकप्रिय चाचणीचे, नाव काढले की संशोधक नाक का मुरडतात?

मी प्रश्नावल्या रचण्याचे आणि तपासण्याचे काम करते, त्यामुळे माझे उत्तर मापनाच्या बाजूला झुकलेले असणार हे आधीच सांगते. व्यक्तिमत्त्वाचे बरेच सिद्धांत पुराव्याने पडतच नाहीत. त्याच्या आधी, मापनाच्या पायरीवरच ते अडखळलेले असतात आणि कुणाच्या लक्षात येत नाही. तुमचीच कल्पना हातात घेऊन बघू, म्हणजे हवेतले बोलणे होणार नाही.

सगळ्यात आधी एक वाक्य कागदावर लिहा: माझा सिद्धांत खरा असेल, तर काय घडता कामा नये?

विज्ञानाचा तत्त्वज्ञ कार्ल पॉपर याने यावरचा एक अनुभव लिहून ठेवला आहे. १९१९ साली त्याने मानसोपचारतज्ज्ञ आल्फ्रेड ॲडलरला एका मुलाची हकिकत सांगितली. पॉपरला ती ॲडलरच्या सिद्धांतात बसेल असे वाटत नव्हते. ॲडलरने मुलाला पाहिलेलेही नव्हते, तरी न्यूनगंडाच्या आधारे त्याने तिचा झटक्यात उलगडा करून दिला. इतकी खात्री कशी, असे विचारल्यावर तो म्हणाला, अशा हजार प्रकरणांचा अनुभव आहे. त्यावर पॉपरने सुनावले की आता हजार एक प्रकरणांचा झाला म्हणायचा. प्रत्येक नवे प्रकरण सिद्धांताच्या खात्यात जमाच होत असेल आणि वजा कधीच काही होत नसेल, तर तो हिशेब कशाचा पुरावा नाही. फ्रॉइडवरही पॉपरचा आक्षेप हाच होता. पण तत्त्वज्ञ ॲडॉल्फ ग्रुनबाउमने पुढे दाखवले की फ्रॉइडची बरीच विधाने तपासण्याजोगी आहेत. खरी अडचण अशी की त्यांचा पुरावा उपचाराच्या खोलीतूनच येतो आणि तिथे उपचारकाच्या सूचनांचा रंग रुग्णाच्या बोलण्यावर चढलेला असतो. मला पॉपरपेक्षा ग्रुनबाउमचे म्हणणे जास्त पटते.

आता तुमच्या कल्पनेचे. मूल्यमापनाची भीती हे चालढकलीचे कारण असेल, तर जे काम कुणी पाहणारच नाही ते वेळेवर व्हायला हवे. कपाट आवरणे, जुन्या फाइली पुसून टाकणे, स्वतःपुरता खर्चाचा हिशेब मांडणे, असल्या कामांत चालढकल दिसता कामा नये, निदान पुष्कळ कमी दिसायला हवी. पण तुम्हाला आणि मलाही माहीत आहे की लोक हीच कामे महिनोन्महिने लांबवतात. इथे तुमच्या तोंडावर उत्तर येईल: "माणूस स्वतःच स्वतःला जोखत असतो ना!" हे उत्तर खरेही असू शकेल. पण त्या क्षणी तुमचा सिद्धांत ॲडलरच्या वाटेला लागतो. आतला परीक्षक मानायचा असेल तर जरूर माना, मात्र तो किती कडक आहे हे चालढकलीकडे न बघता मोजून दाखवावे लागेल. चालढकल केली म्हणजे परीक्षक कडक असणारच, हे चालणार नाही.

कल्पना येते कुठून, याला शास्त्रात काही बंधन नाही. रुग्णांच्या हकिकती, स्वतःचे निरीक्षण, दुसऱ्याच्या सिद्धांतातली भेग, काहीही चालते. व्यक्तिमत्त्वाच्या अभ्यासात मात्र एक आगळी वाट निघाली, ती शब्दकोशाची. माणसामाणसांतले महत्त्वाचे फरक भाषेत शब्द बनून राहत असणार, हा विचार फ्रान्सिस गाल्टनने १८८४ मध्ये मांडला. १९३६ मध्ये ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट या दोघांनी इंग्रजीचा मोठा कोश चाळून माणसाचे वर्णन करणारे १७,९५३ शब्द काढले आणि त्यांतले साडेचार हजारांच्या आसपास शब्द स्थिर गुणविशेषांचे म्हणून वेगळे केले. कॅटेलने त्यांचे गट पाडत यादी ३५ पर्यंत आणली आणि घटक विश्लेषण करून १६ घटकांची प्रश्नावली बनवली. ट्यूप्स आणि क्रिस्टल यांनी अमेरिकी हवाई दलासाठी वेगवेगळ्या गटांची माहिती पुन्हा तपासली, तेव्हा प्रत्येक वेळी पाचच घटक निघाले. त्यांचा अहवाल १९६१ सालचा, पण मानसशास्त्रज्ञांपैकी फारच थोड्यांनी तो त्या वेळी वाचला. बहिर्मुखता, मनमिळाऊपणा, कर्तव्यदक्षता, भावनिक अस्थिरता आणि अनुभवांबद्दलचा मोकळेपणा ही 'बिग फाइव्ह'ची आजची पाच नावे त्याच वाटेने आलेली आहेत.

घटक विश्लेषणाबद्दल विद्यार्थ्यांच्या मनात एक भाबडा आदर असतो, म्हणून इथे जरा थांबते. या पद्धतीत शेकडो विधानांचे एकमेकांशी असलेले सहसंबंध (दोन गोष्टी किती बरोबरीने वरखाली होतात त्याचा आकडा; ० म्हणजे संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण जुळणी, ऋण म्हणजे उलटा संबंध) घेतात आणि कमीत कमी किती घटकांनी ते समजावता येतील ते काढतात. जे तुम्ही आत घालाल त्यातूनच घटक निघतात. 'चांगला', 'नीच' असले निव्वळ बरेवाईट ठरवणारे शब्द सुरुवातीलाच गाळले, तर तो पैलू शेवटी कुठून येणार? ॲश्टन आणि ली यांनी २००४ मध्ये सहकाऱ्यांसह सात भाषांमधल्या शब्दाभ्यासांची माहिती एकत्र पाहिली, तेव्हा पाचांऐवजी सहा घटक पुढे आले. सहावा होता प्रामाणिकपणा आणि नम्रता. उलट बोलिव्हियातल्या त्सिमाने या शिकार आणि शेती करून राहणाऱ्या समाजात गर्व्हन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये पाच घटकांची रचना शोधली, तर ती नीट सापडलीच नाही. शिवाय घटक हे कारण नव्हे. "तो गप्पिष्ट आहे कारण त्याची बहिर्मुखता जास्त आहे" या वाक्यात नवे काहीच नाही, कारण गप्पिष्टपणा मोजूनच बहिर्मुखतेचा आकडा आलेला असतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंकला हे कळत होते. म्हणून त्याने बहिर्मुखतेमागे मेंदूच्या उत्तेजनाची पातळी मांडली आणि त्यातून भाकिते काढली. जिभेवर लिंबाचा रस टाकला तर अंतर्मुख माणसांना जास्त लाळ सुटली पाहिजे, हे त्यांतले प्रसिद्ध भाकीत. आयझेंकचे सगळे म्हणणे टिकले नाही, पण वर्णनाकडून स्पष्टीकरणाकडे जायचे म्हणजे काय, ते त्याच्याकडून शिकावे.

आता मापन. तुम्हाला किमान दोन गोष्टी मोजायच्या आहेत, मूल्यमापनाची भीती आणि चालढकल. माझ्याकडे येणाऱ्या कच्च्या प्रश्नावल्यांमध्ये हमखास असे एखादे विधान असते: "काम उत्तम होणार नाही या भीतीने मी ते सुरूच करत नाही." वाचायला झकास, संशोधनाला घातक. एका वाक्यात भीतीही आहे आणि चालढकलही आहे, आणि वर 'या भीतीने' म्हणून तुमचा सिद्धांतही त्यातच घुसला आहे. अशी विधाने चालढकलीच्या मापनश्रेणीत असतील, तर तिचा भीतीशी सहसंबंध येणारच. तो जगातून आलेला नसतो, तुमच्या लेखणीतून आलेला असतो. चालढकलीच्या विधानांत फक्त उशीर असू द्या: "ठरवलेल्या दिवशी मी काम सुरू करतो." भीतीच्या विधानांत फक्त भीती: "माझे लिखाण कुणी वाचत असेल तर मी अस्वस्थ होतो." काही विधाने उलट्या दिशेची ठेवा, कारण पुष्कळ लोक कशालाही 'हो' म्हणत जातात.

विश्वसनीयतेसाठी सगळे क्रॉनबाखचा अल्फा, म्हणजे एका श्रेणीतली विधाने एकमेकांशी किती जुळतात त्याचा आकडा, काढतात आणि ०.९ आला की पेढे मिळाल्यासारखे खूश होतात. एकच प्रश्न दहा प्रकारे विचारला तरी अल्फा वाढतो. मला ०.८ अल्फा आणि निरनिराळ्या प्रसंगांना स्पर्श करणारी विधाने जास्त आवडतात. काही आठवड्यांनी त्याच लोकांना पुन्हा विचारून आकडे किती जुळतात तेही पाहा. आणि ज्या लोकांच्या उत्तरांवरून विधाने निवडली, त्यांच्याच उत्तरांवर रचना 'सिद्ध' करू नका. शोधक घटक विश्लेषण एका नमुन्यावर आणि पडताळणी दुसऱ्या, ताज्या नमुन्यावर, हा नियम पाळायला खर्च येतो, पण तो मोडला तर पुढचे सगळे पोकळ.

यानंतरची पायरी वैधतेची, आणि बहुतेक नव्या कल्पना गळतात त्या इथे. क्रॉनबाख आणि मील यांनी १९५५ मध्ये सांगितले की न दिसणाऱ्या संकल्पनेचे मापन बरोबर आहे का हे एका आकड्याने ठरत नाही. सिद्धांताप्रमाणे तिचे कशाकशाशी नाते असायला हवे आणि कशाशी नसायला हवे, ते सगळे जाळे तपासावे लागते. १९५९ मध्ये कॅम्पबेल आणि फिस्क यांनी त्याला व्यवहारात आणणारी रीत दिली. निदान दोन गुणविशेष निदान दोन वेगळ्या पद्धतींनी मोजायचे. भीतीचे स्वतः दिलेले उत्तर आणि भीतीबद्दल जवळच्या मित्राने दिलेले उत्तर यांचा सहसंबंध, भीती आणि चालढकल या दोन्हींबद्दलच्या स्वतःच्याच उत्तरांमधल्या सहसंबंधापेक्षा मोठा हवा. तसे नसेल तर तुम्ही माणूस मोजत नसून प्रश्नावली भरण्याची शैली मोजत आहात.

तुमच्या कल्पनेला इथे खरा धोका आहे, तो सांगायला हवा. एकाच गोष्टीला दोन नावे दिली की दोन गोष्टी झाल्या असे वाटू लागते. ट्रूमन केली या संशोधकाने १९२७ मध्येच या चुकीकडे बोट दाखवले होते, आणि आपल्या क्षेत्रात ती अजून राजरोस चालते. तुमची 'मूल्यमापनाची भीती' म्हणजे जुनीच भावनिक अस्थिरता नव्या कपड्यांत नाही ना? ती आधीच्या पाच घटकांच्या वर काही भर घालते का, हे दाखवावे लागेल. पिअर्स स्टीलने २००७ मध्ये चालढकलीवरच्या अभ्यासांचे मोठे एकत्रित विश्लेषण केले. कर्तव्यदक्षतेशी चालढकलीचा ऋण सहसंबंध ०.६ च्या आसपास निघाला, म्हणजे आपल्या क्षेत्राच्या मानाने प्रचंड. आवेगशीलता (मनात येईल ते लगेच करून टाकण्याचा स्वभाव), कामाचा कंटाळवाणेपणा आणि मुदत किती लांब आहे यांचाही जोर दिसला. भावनिक अस्थिरतेचा संबंध मात्र किरकोळ होता. पुढे २०१४ मध्ये गुस्ताव्सन आणि सहकाऱ्यांनी जुळ्यांच्या अभ्यासात चालढकलीतल्या फरकांपैकी ४६ टक्के आनुवंशिक असल्याचा अंदाज काढला, आणि तो आनुवंशिक भाग आवेगशीलतेच्या आनुवंशिक भागाशी पूर्ण जुळला. तुमचा सिद्धांत यामुळे संपला असे नाही. पण आता त्याला रिकाम्या मैदानात धावता येणार नाही, समोर आवेगशीलतेचा सिद्धांत उभा आहे. शास्त्राच्या दृष्टीने ही उत्तम स्थिती आहे.

मग दोघांची झुंज लावा. सहभागींना चिठ्ठ्या टाकून चार गटांत वाटा. काम एकतर कंटाळवाणे किंवा रंजक, आणि ते एकतर नावासह तपासले जाणार किंवा निनावी राहणार. मुदत सगळ्यांना सारखी द्या आणि काम केव्हा उघडले, केव्हा संपवले याची नोंद संगणकाकडून घ्या, लोकांना विचारू नका. तुमचा सिद्धांत सांगतो की नाव उघड होणार असले तर उशीर वाढेल, आणि तोही भीतीचा आकडा जास्त असलेल्यांमध्येच. समोरचा सिद्धांत म्हणतो की उशीर कंटाळवाण्या कामात वाढेल आणि तोही आवेगशील लोकांमध्ये, नाव उघड असो वा नसो. मला स्वतःला वाटते की तपासले जाणार म्हटल्यावर बरेच जण उलट लवकर कामाला लागतील. तसे झाले तर तुम्हाला नवीन काहीतरी कळेल. एक तांत्रिक इशारा: 'याच लोकांमध्ये परिणाम दिसेल' या प्रकारचे भाकीत तपासायला साध्या तुलनेपेक्षा कितीतरी मोठा नमुना लागतो. चाळीस-पन्नास जणांवर हे करू नका.

तुमच्या मनात एक शंका येईल: एका प्रयोगात एका कामाला झालेला उशीर म्हणजे व्यक्तिमत्त्व का? बरोबर आहे. या प्रश्नावर आमच्या क्षेत्रात वीस वर्षे भांडण झाले. वॉल्टर मिशेलने १९६८ मध्ये दाखवले की व्यक्तिमत्त्वाच्या चाचण्यांचे आकडे आणि प्रत्यक्ष वर्तन यांचा सहसंबंध क्वचितच ०.३० च्या पुढे जातो. त्याच्या कितीतरी आधी, १९२८ मध्ये, हार्टशॉर्न आणि मे यांनी हजारो मुलांना लबाडीची संधी देऊन पाहिले होते. एका प्रसंगात फसवणारे मूल दुसऱ्या प्रसंगात फसवेलच असे नव्हते. मिशेलवरून अनेकांनी निष्कर्ष काढला की स्थिर व्यक्तिमत्त्व असे काही नसतेच, जे काही आहे ती परिस्थिती. याला मला सगळ्यात पटलेली दोन उत्तरे आहेत. सेमूर एपस्टाइनने १९७९ मध्ये दाखवले की एका दिवसाचे वर्तन दुसऱ्या दिवसाशी फारसे जुळत नाही, पण पुष्कळ दिवसांची सरासरी पुढच्या पुष्कळ दिवसांच्या सरासरीशी उत्तम जुळते. एका प्रश्नावरून परीक्षेचा निकाल लावत नाहीत, तसेच हे. दुसरे उत्तर फंडर आणि ओझर यांचे, १९८३ चे. परिस्थितीची ताकद दाखवणारे गाजलेले प्रयोग घेऊन त्यांचे परिणाम त्यांनी सहसंबंधाच्या भाषेत मांडले, तर तेही ०.४ च्या आसपासच भरले. म्हणजे परिस्थितीची बाजूही काही फार बलवान नव्हती, फक्त तिचे आकडे वेगळ्या नाण्यात मोजले जात होते. तुमच्यासाठी अर्थ सरळ आहे: एका कामावर थांबू नका. पूर्ण सत्रातला प्रत्येक गृहपाठ जमा केल्याची वेळ मिळाली, तर ती कुठल्याही प्रश्नावलीपेक्षा मोलाची.

आणखी एक फरक फार कमी लोक पाळतात. "भित्री माणसे जास्त चालढकल करतात" आणि "माणूस ज्या दिवशी घाबरलेला असतो त्या दिवशी चालढकल करतो" ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिले खरे आणि दुसरे खोटे असू शकते, किंवा उलटही. तुमची कल्पना मुळात दुसऱ्या प्रकारची आहे, कारण ती माणसाच्या आत काय घडते ते सांगते. तिला शंभर माणसांची एकदाच भरलेली प्रश्नावली उत्तर देऊच शकत नाही. त्यासाठी तीच माणसे दिवसातून चार-पाच वेळा फोनवर दोन-तीन प्रश्नांची उत्तरे देतील अशी नोंदपद्धत लागते. विल्यम फ्लीसनने २००१ मध्ये याच पद्धतीने दाखवले की एकाच माणसाच्या वागण्यात आठवड्याभरात प्रचंड चढउतार असतात, आणि तरी त्याची सरासरी मात्र आठवड्यागणिक आश्चर्यकारकरीत्या स्थिर राहते. मिशेल आणि त्याचे विरोधक दोघेही एका अर्थी बरोबर होते.

दीर्घकालीन पाठपुरावा आणि जुळ्यांचे अभ्यास यांबद्दल थोडक्यातच सांगते, कारण तुमच्या हातातले ते नाहीत. जुळ्यांच्या अभ्यासांतून व्यक्तिमत्त्वातल्या फरकांपैकी साधारण ४० ते ५० टक्के आनुवंशिक असल्याचे दिसते. हा आकडा लोकसमूहातल्या फरकांचा असतो, एका माणसाचा निम्मा स्वभाव आईबापांकडून आला असा त्याचा अर्थ नाही. पाठपुराव्याचे काम महाग आणि संथ, पण त्यातून मिळते ते दुसरीकडे मिळत नाही. टर्मनने १९२१ मध्ये निवडलेल्या सुमारे दीड हजार मुलांचा माग पुढे कित्येक दशके ठेवला गेला, म्हणूनच लहानपणी कर्तव्यदक्ष असलेली मुले जास्त जगली हे १९९३ मध्ये सांगता आले.

एवढे सगळे करून निकाल तुमच्या बाजूने लागला तरी तो एकच निकाल. आत्मसंयम वापरला की संपत जातो, ही कल्पना शेकडो अभ्यासांवर उभी होती. २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांवर लोकांवर ती तपासली आणि परिणाम जवळपास शून्य निघाला. आमच्या क्षेत्राला मात्र थोडा दिलासा आहे. क्रिस्टोफर सोटोने २०१९ मध्ये पाच घटक आणि आयुष्यातल्या घडामोडी यांचे ७८ संबंध मोठ्या नमुन्यांवर पुन्हा तपासले, तर ८७ टक्के पुन्हा दिसले, जरी आधीपेक्षा जरा फिके. मोठे नमुने आणि बारकाईने घासलेली मापने हेच त्याचे कारण असावे असे मला वाटते. त्याच वर्षी किंग्ज कॉलेज लंडनच्या चौकशीत आयझेंकचे व्यक्तिमत्त्व आणि कर्करोग, हृदयरोग यांवरचे २६ शोधनिबंध असुरक्षित ठरवले गेले. इतके मोठे परिणाम इतर कुणालाच का मिळत नाहीत, अशी विचारणा नव्वदच्या दशकातच झाली होती. म्हणून भाकिते, नमुन्याचा आकार आणि विश्लेषणाची रीत माहिती गोळा करण्याआधी सार्वजनिक नोंदवहीत नोंदवा. नंतर आकडे पाहून भाकीत बदलण्याचा मोह प्रत्येकाला होतो.

राहिला एमबीटीआय. त्याचे चार पैलू अगदीच निराधार नाहीत. त्यांतले बरेचसे पाच घटकांपैकी चारांशी बऱ्यापैकी जुळतात. बिघडते ते मधोमध रेघ मारून माणसाला एका बाजूला टाकण्यात. माणसांचे दोन वेगळे प्रकार असते तर आकड्यांचे दोन उंचवटे दिसले असते. प्रत्यक्षात बहुतेक माणसे मध्याजवळ असतात, त्यामुळे काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी दिली की रेघेजवळचे कित्येक जण पलीकडे जातात आणि त्यांचा 'प्रकार' बदलतो. "पण मला माझे वर्णन तंतोतंत पटले" याला पुरावा म्हणून काही किंमत नाही. बर्ट्रम फोररने आपल्या ३९ विद्यार्थ्यांना चाचणीचा निकाल म्हणून प्रत्येकाच्या हातात तेच एक वर्णन ठेवले होते, बरेचसे एका ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेले. पाचपैकी त्यांनी त्याला सरासरी ४.२६ गुण दिले. तुमच्या सिद्धांताबद्दलही मित्र म्हणतील, "अगदी माझीच गोष्ट!" त्यांना धन्यवाद द्या आणि गृहपाठ जमा केल्याच्या वेळा मागून घ्या.